सतरा वर्षं उभी असलेली पद्मिनी: सहा महिन्यांची नोंद

इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या अलीकडे एका गावात, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, क्रीम रंगाची, स्टिअरिंगवर गिअर असलेली. चारही टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम, मागच्या सीटवर सरकी पेंडीची पोती. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, त्यांच्याच नावाच्या गावाशेजारी कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी सतरा वर्षं पडून राहिली, हे मला जागेवर उभं राहिल्यावर सुचलं आणि मग ती तिथं सोडून येणं शक्य नव्हतं.

गाडी गावातल्या डॉक्टरांची. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती, पण डॉक्टरांनी नंबर आधीच लावलेला होता आणि त्यांना वाड्यावस्त्यांवर जायला फियाटच हवी होती. (पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, पण आमच्याकडे तिला आजही सगळे फियाटच म्हणतात.) २००७ साली डॉक्टर गेले आणि त्यानंतर कुणी किल्ली फिरवली नाही. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, भंगारवाल्यांना तीनदा परत पाठवलं होतं. मला म्हणाल्या, "तुम्ही चालवणार असाल तरच न्या. सुटे भाग काढून विकायचे असतील तर चहा घ्या आणि या." पंचावन्न हजारांना व्यवहार झाला.

पैसे देण्याआधी दोन तास मी गाडीखाली होतो. इंजिनाकडे पाहिलंही नाही. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, आणि तिला १९५३ पासून वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे इंजिन जाम असलं तरी चालेल, पण दरवाजाखालची पट्टी, फ्लोअर आणि पुढच्या खांबांचा पाया सडलेला असेल तर गाडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इंजिन कधीही बांधता येतं. स्क्रू ड्रायव्हरने सगळीकडे टोचून पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक, डिकीचा तळ स्पेअर व्हीलच्या खाली पूर्ण गेलेला, डावी पट्टी मागच्या टोकाला मऊ. बाकी पत्रा टणक. इंदापूरची कोरडी हवा. हीच गाडी चिपळुणात उभी असती तर मी नुसता चहा पिऊन परतलो असतो. त्यानंतर चॅसी नंबर घासून वाचला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला.

नोव्हेंबर आणि डिसेंबर

भिगवण, चौफुला, यवत करत ट्रेलरवरून गाडी पुण्याला आली. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांपासून मेहुण्यापर्यंत प्रत्येकाने एकच विचारलं: बॅटरी लावून बघितली का? नाही बघितली, आणि तुम्हीही बघू नका. सतरा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पूर्ण उतरलेलं असतं, रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गंजाने चिकटलेल्या असतात. स्टार्टर मारला की त्या ओरखडे काढत सुटतात, आणि टाकीतला गाळ कार्बोरेटरपर्यंत जातो तो वेगळाच.

प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल आणि रॉकेल निम्मं निम्मं मिसळून ओतलं आणि भोकांवर चिंध्या कोंबून आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी चौथा गिअर टाकून दोघांनी गाडी पुढेमागे हलवली. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा चार दिवस. मग एका सकाळी इंजिनाचा फॅन बोटभर फिरला. जोर केला नाही, मागेपुढे, मागेपुढे. दुपारपर्यंत इंजिन पूर्ण फेरा घेत होतं.

क्लच मात्र सुटेना. प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली होती. पेडल दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकडी फळी अडकवली आणि गाडी तशीच ठेवली. तिसऱ्या रात्री धक्का देताना 'टक्' आवाज आला आणि चाकं मोकळी झाली. गिअरबॉक्स उतरवायचा वाचला.

उंदरांनी एअर फिल्टरमध्ये घर केलं होतं आणि डॅशबोर्डमागची निम्मी वायरिंग खाल्ली होती. नवा हार्नेस (वायरींचा जुडगा) जुन्या रंगांप्रमाणे बांधून घेतला. त्यात आठवडा गेला. सांगण्यासारखं त्यात विशेष नाही.

जानेवारी: ब्रेक

इंजिन सुरू करण्याआधी मी ब्रेक पूर्ण केले. एकदा इंजिन चालू झालं की गाडी हलवायचा मोह कुणालाच आवरत नाही, आणि अपघात आवारातल्या त्या पहिल्या वीस फुटांत होतात.

चारही चाकांना ड्रम. चारही व्हील सिलिंडर जाम. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते तळाशी बसतं आणि सिलिंडर आतून खड्डे पडून गंजतो. दोन होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) वाचले, दोन टाकून द्यावे लागले. त्यांची जोडी पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार फिरून सापडली, पॅकबंद, खोक्यावर धुळीचा थर. मास्टर सिलिंडरचं रबर किट नवीन. लोखंडी पाइप वरून बरे दिसत होते, पण एक वाकवला आणि तो हातात तुटला. सगळे बदलले, रबरी होजही. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली आणि पेडल कडक होईपर्यंत दीड लिटर तेल गेलं.

इथे कंजूषी करू नका. ब्रेक लाइनरचे, किटचे, पाइपचे मिळून जे पैसे होतात ते रंगाच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

फेब्रुवारी आणि मार्च: हेड

टाकी उतरवली तर आत लाखेसारखा घट्ट थर आणि कुजका वास. मूठभर खडी आणि साखळी घालून हलवली, धुतली, पुन्हा हलवली. सगळे पेट्रोल पाइप आणि पंपाचा पडदा बदलला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवूनच ठेवायची, असं मी ठरवलं आहे. सोलेक्स कार्बोरेटर सुटा करून जेट (पेट्रोलची बारीक भोकं) तोंडाने फुंकून मोकळे केले. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मिक्स्चर कधीच बसत नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये तपासलं. पहिला ११०, दुसरा १०५, तिसरा ६०, चौथा १०८. तिसऱ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंग गेल्या असं समजायचं. वाढला नाही, म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून (सिलिंडरच्या झडपेतून) गळतोय. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायला पर्याय नव्हता.

या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. बोल्टांभोवती दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. पहारीने उचकटून हेड काढायला गेलात तर त्याचा पृष्ठभाग गेलाच म्हणून समजा. नाना पेठेतले एक मिस्त्री, ज्यांनी तीस वर्षं टॅक्सीच बांधल्या, त्यांना घरी आणलं. त्यांनी रोज संध्याकाळी येऊन बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडलं आणि लाकडी हातोडीने चारही बाजूंनी हलके ठोके दिले, एवढंच. सहाव्या संध्याकाळी हेड सुटलं. ते म्हणाले, "साहेब, घाई करणाऱ्याचं हेड लेथवाल्याच्या पोटात जातं."

तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून चावल्यासारखा झाला होता. सतरा वर्षं उभं राहिल्याने झालेलं नुकसान नव्हतं ते. डॉक्टर शेवटची काही वर्षं गाडी तशीच तीन सिलिंडरवर चालवत होते. काकूंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "घाटात दम लागायचा तिला, ते म्हणायचे वय झालं." नवा व्हॉल्व्ह, सगळ्यांचं लॅपिंग (घासून जागेवर बसवणं), हेडचं फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं), नवीन गॅसकेट. बोल्ट मधून कडेला, तीन टप्प्यांत आवळले. रेडिएटरवाल्याने तळ उघडून सळ्या घातल्या, तेव्हा बादलीभर लाल चिखल निघाला. अॅल्युमिनियमचं हेड एकदा तापलं की वाकतं. म्हणून ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी रेडिएटर आधी आणि म्युझिक सिस्टीम नंतर बघावी.

२३ मार्च. प्लग न लावता ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. प्लग लावले, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप पाहिला, प्लगच्या वायरी सिलिंडर पेटण्याच्या १-३-४-२ या क्रमाने पुन्हा तपासल्या. चौथ्या प्रयत्नात पकडलं. आधी खोकला, निळा धूर, मग ती बारीक शिलाई मशीनसारखी लय. १०८९ सीसीचं इंजिन आहे, गर्जना वगैरे करत नाही. मी हात पुसायचं विसरून तसाच उभा होतो. मिस्त्रींनी कानाला लांब पाना लावून चारही सिलिंडर ऐकले आणि मान हलवली.

एप्रिल: पत्रा आणि रंग

सडलेला भाग कापून नवा पत्रा गॅसने जोडला. पुट्टी भरून वरून रंग मारणारे दोघे जण भेटले, दोघांनाही नको म्हटलं. रंगाबाबत माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. जिथे पत्रा बदलला तिथेच रंग दिला. टपावरचा आणि दरवाजांवरचा १९८४चा क्रीम रंग पॉलिश करून तसाच ठेवला आहे. तो फिका आहे, ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर डॉक्टरांच्या कोपराने झिजून खालचा पत्रा दिसतो. ती झीज मला हवी आहे. या गाड्या मेटॅलिक लाल करून, अॅलॉय चाकं बसवून विकल्या जातात, ते पाहवत नाही. मी मूळ मापाचे, ५.२०-१४चेच टायर लावले.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी नाही. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. त्यामुळे सुट्या भागांची मागणी आटली आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारातही आता शोधावं लागतं. जे लागेल ते आताच घेऊन ठेवा, विशेषतः काचांची रबरं आणि दरवाजाची कुलुपं.

कागद

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आहे. आरसी डॉक्टरांच्याच नावावर होती, म्हणून आधी फॉर्म ३१ भरून वारस म्हणून काकूंच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. नोंदणीची मुदत २००९ला संपलेली, त्यासाठी फॉर्म २५, पर्यावरण कर आणि गाडी समोर उभी करून तपासणी. त्याआधी एक अडथळा: एम अक्षराने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर संगणकावर चढलेलाच नव्हता. मूळ कार्यालयाच्या रजिस्टरमधून बॅकलॉग नोंद व्हावी लागते. ती झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज भरता येत नाही. म्हणून माझा सल्ला, गाडी घेण्याआधी नंबर ऑनलाइन दिसतो का बघा. व्हिंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना मिळते, आपल्या ऐंशीतल्या पद्मिनींना नाही. माझी बॅकलॉग नोंद गेल्या आठवड्यात चढली.

सध्या

सोसायटीच्या आवारात रोज अर्धा तास चालवतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा, ही सवय हाताला लागली. एक दोष शिल्लक आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना स्टिअरिंगवरचा दांडा मध्येच हरवतो, कारण लिंकेजची (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांची) बुशं लंबगोल झिजली आहेत. बाजारात मिळालेली रबरी बुशं पंधरा दिवसांत पसरली. आता हडपसरच्या एका टर्नरकडे जुनं बुश नमुना म्हणून दिलं आहे, तो पितळेची चार करून देणार आहे. रविवारी बसवतो आणि मापं इथे टाकतो.