लेकरू पोटात, मंग सुई मायले कायले?

आमच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या आज्या हा प्रश्न हमखास विचारतात. सातव्या महिन्यात कळा सुरू झालेली सून किंवा लेक आत असते, आणि मी बाळांची डॉक्टर. "बाई, लेकरू तं पोटातच हाये, मंग सुई मायले कायले?" घाईत मी "बाळाच्या फुप्फुसासाठी" एवढंच म्हणते. ते पुरेसं नाही. ही सुई असते स्टेरॉइड नावाच्या औषधाची. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

पोटात असेपर्यंत बाळाला प्राणवायू आईकडून, वारेतून मिळतो. जन्मल्याबरोबर मात्र फुप्फुसातले बारीक बारीक फुगे उघडावे लागतात आणि उघडेच राहावे लागतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू कशा चिकटतात, तसे ते चिकटू पाहतात. चिकटू नयेत म्हणून आतून सर्फॅक्टंट नावाच्या पदार्थाचा थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी आलेल्या बाळाला प्रत्येक श्वास नव्याने ओढावा लागतो. बरगड्या आत जातात, बाळ कण्हतं. त्या कण्हण्याची मला अजून सवय झालेली नाही.

या बाळांत सर्फॅक्टंटच कमी असतं, हे अमेरिकेत मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण ते पोटातच लवकर तयार करता येईल, हे सापडलं न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधले प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स फुप्फुसाच्या मागे नव्हतेच. प्रसूती सुरू कोण करतं, आई की बाळ, हे ते मेंढ्यांवर शोधत होते. पोटातल्या कोकरांना ते स्टेरॉइड देत आणि मेंढी दिवसांआधीच विते का, ते बघत. असंच एक कोकरू ११७व्या दिवशी जन्मलं. मेंढीचे दिवस भरतात १४७च्या आसपास. ते जन्मतः मरायला हवं होतं, पण ते श्वास घेत होतं. पुढे ते दगावलं. तपासलं तर फुप्फुसात बऱ्यापैकी हवा भरलेली. आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना दुसऱ्याच गोष्टीकडे इतकं लक्ष जाणं, याचं मला फार अप्रूप आहे.

मग बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांच्यासोबत लिगिन्स यांनी २८२ मातांवर स्टेरॉइडची चाचणी केली. १९७२ मध्ये निष्कर्ष छापून आले. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांत, औषध न मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे ७० जणांना श्वासाचा हा आजार झाला. जन्माच्या किमान २४ तास आधी औषध मिळालेल्यांत सुमारे १२.

आता आज्यांचं उत्तर. पोटातल्या बाळापर्यंत पोचायचा रस्ता आईच्या रक्तातून, वारेतून जातो. सगळीच स्टेरॉइडं तो पार करत नाहीत; प्रेडनिसोलोन बरंचसं वारेतच निकामी होतं. डेक्सामेथासोन पलीकडे पोचतं, म्हणून आपल्याकडे आईला तेच देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा.

पण ही सुई सगळ्यांना सरसकट द्यायची नाही, आणि हे मला जोर देऊन सांगायचं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या अभ्यासात आमच्या नागपूरकडचा भागही होता. गावपातळीवर सुईचा वापर वाढवला, तरी कमी वजनाची बाळं जास्त वाचली नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू वाढले. सुई मिळालेल्या पुष्कळ जणींची बाळंतपणं दिवस भरल्यावरच झाली होती. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस ठरवून ती दिली, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू शंभरामागे २३.५ वरून १९.६ वर आले. औषध तेच. दिवस नक्की माहीत होते आणि बाळ सांभाळायला माणसं होती.

म्हणून मी शेवटच्या पाळीची तारीख दोन-दोनदा विचारते, पहिल्या सोनोग्राफीचा कागद मागते. कंटाळू नका. आणि उपकेंद्रातल्या सिस्टरनी १०८ मध्ये बसवण्याआधी पहिली सुई दिली असेल, तर चिठ्ठीवर तिची वेळ लिहून घ्या. ती वेळ वाचली की पुढच्या सुईला किती तास उरलेत, ते मला दारातच कळतं.