भडंग आजारी असताना

घरात जनावर आजारी असलं की टीव्हीवर कुठला सिनेमा लावावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. खेळाचा. रडका नको, आधीच सगळ्यांचे डोळे भरून यायला टपलेले असतात. विनोदी नको, हसताना चोरी केल्यासारखं वाटतं. खेळाच्या सिनेमात ओरडायला मिळतं, मुठी आवळायला मिळतात आणि मुख्य म्हणजे निकाल कधीचाच पेपरात छापून आलेला असतो. दिवसातून दोन-अडीच तास तरी पुढे काय होणार ते ठाऊक आहे, एवढा आधार आमच्या घराला सध्या पुरतो.

आजारी आहे तो भडंग. पांढरा पॉमेरियन, वय तेरा. पिल्लू असताना त्याने पाहुण्यांसाठी आणलेला भडंगाचा पुडा फाडून जमिनीवर पसरला आणि मधोमध जाऊन बसला, तेव्हापासून हेच नाव. सांगलीत या नावाचं कुणाला नवल वाटत नाही, डॉक्टर तेवढे हसतात. खरं तर भडंगातली लसूण त्याला तेव्हाही वर्ज्यच. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आता मीठही बंद झालंय. म्हणजे स्वतःच्या नावाचा पदार्थ हुंगायचीसुद्धा सोय उरली नाही बिचाऱ्याला.

दुखणं हृदयाचं. झडप नीट मिटत नाही, त्यामुळे रक्त थोडं मागे येतं. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे नेहमीचं आहे म्हणतात. रात्री ढास लागते. एक गोळी हृदयाला जोर देणारी, दुसरी फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून लघवी करवणारी. दुसरीमुळे जिन्याच्या चकरा आमच्या वाट्याला. गोळी तूप-पोळीच्या गोळ्यात दडवून दिली, की तो पोळी खातो, तूप चाटतो आणि धुतल्यासारखी लख्ख गोळी फरशीवर ठेवून आमच्याकडे बघतो. या बाबतीत त्याची जीभ तरबेज आहे.

शिवाय डॉक्टरांनी आम्हालाही काम लावून दिलंय. तो गाढ झोपला की श्वास मोजायचे. बरगडी एकदा वर येऊन खाली गेली की एक. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक. वर गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजूनही वरच राहिले, तर लगेच फोन. जागेपणी धापा टाकत असेल तर तो आकडा धरायचा नाही, आणि स्वप्नात पाय झाडत असेल तरी नाही. गॅसजवळच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता हे आकडे असतात. दूध चुकलं तर भय्या सांगतो, हे चुकलं तर कोण सांगणार, म्हणून आई ते रोज दोनदा वाचते.

तर परवा ‘चंदू चॅम्पियन’ लावला. २०२४ चा, पॅरालिंपिक जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांवरचा. आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं आणि पेटकर तिथल्याच पेठ गावचे, त्यामुळे आमच्याकडे हा सिनेमा म्हणजे घरचं कार्य. ‘आमच्या पेठचा हाय तो,’ हे तिने सुरुवातीलाच जाहीर केलं आणि नंतरही अधूनमधून करत राहिली. खाशाबा जाधव आले तेव्हा तर ती सरसावूनच बसली. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचं ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि तेही कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरच्या गड्याचं. मुंबई-पुण्याचे नायक आम्हाला चालतात, पण पेठनाका माहीत असलेला नायक मिळाला की त्याचं सगळं माफ असतं.

एक अडचण मात्र आधी ध्यानात आली नव्हती. खेळाच्या सिनेमात सगळे सारखे धापा टाकत असतात. पळताना धाप, तालमीत धाप, बॉक्सिंगच्या रिंगणात धाप. पडद्यावर कुणी जोरात श्वास घेतला की आम्ही तिघंही सोफ्याखाली बघायचो. भडंग तिथे निवांत पडलेला. लेकीने शेवटी आवाज इतका बारीक केला, की १९६५ च्या लढाईतल्या गोळ्याही फुटाणे उडाल्यासारख्या वाजल्या.

मग हायडेलबर्ग, १९७२. लढाईत गोळ्या लागल्यापासून पेटकरांचं कमरेखालचं शरीर साथ देत नाही, नुसत्या हातांच्या जोरावर पोहायचं. पेटकरांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केलं. जागतिक विक्रम, आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. एवढ्याशा वेळात दिग्दर्शकाचं काय भागणार? तो ताणतो. पाणी, चेहरा, मागच्या आठवणी, परत पाणी. पूर्वी या प्रकाराला मी नावं ठेवायचो. आता रोज अर्धा मिनिट बरगडीकडे बघत बसल्यावर माझी तक्रार मावळली आहे. अर्ध्या मिनिटात भरपूर काही मावतं. उलट सिनेमावाल्यांनी जरा आटोपतंच घेतलंय.

नेमका तेव्हाच भडंगला गाढ झोप लागली. ‘मोज की रं, झोपलाय तवर,’ आई म्हणाली. सिनेमा थांबवू का विचारलं, तर नको. मी सोफ्याखाली वाकलो, लेकीने मोबाइलवर वेळ लावली. वर पेटकर पोहतायत, खाली मी मोजतोय, आणि आई एक डोळा वर, एक खाली.

‘बाबा, स्टॉप!’

चौदा. म्हणजे अठ्ठावीस.

‘पास झाला,’ आईने निकाल दिला आणि विचारलं, ‘आणि तो? त्याचं काय झालं?’ शर्यत तिच्या हातून निसटली होती. मागे घेऊन परत दाखवली. दुसऱ्यांदा बघतानाही तिने मूठ आवळलीच. १९७२ चा निकाल बदलणार नाही याची तिला खात्री दिसत नव्हती.

येत्या रविवारी लेकीला ‘लगान’ बघायचाय. हरकत काही नाही, खेळाचाच आहे. फक्त तो पावणेचार तासांचा आहे आणि भडंगची लघवीची गोळी सातची. आईने हिशेब मांडलाय: चारला लावला तर सामना ऐन रंगात आला असताना गोळी द्यायला उठावं लागेल, आणि गोळी दिली की तासाभरात जिना. तेव्हा एकतर तीनलाच बसायचं, नाहीतर भुवनची बॅटिंग दुसऱ्या दिवशी. लेक म्हणते तीन. आई म्हणते, तीनला माझी झोप असते.