काडतुसातली दारू: माप आणि वजन

घरी काडतुसं भरायला शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, की दर वेळी तराजू कशाला, मापाने दारू भरली तर काय बिघडतं? काही बिघडत नाही. मी स्वतः बहुतेक काडतुसं मापानेच भरते. पण त्या मापात किती ग्रेन (दारू तोलायचं छोटं एकक) बसतात हे मला तराजूने सांगितलेलं असतं, आणि ते फक्त समोरच्या एका डब्यातल्या दारूपुरतं खरं असतं. या दोन अटी पाळायच्या नसतील, तर मापाला हातच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काळ्या, म्हणजे जुन्या धुराच्या दारूच्या काळात सगळा कारभार मापावरच चालायचा. सतराव्या शतकातले बंदूकधारी शिपाई खांद्यावरच्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकवून फिरायचे. एका नळकांड्यात एका बाराची दारू, आधीच मोजून ठेवलेली. हे जमायचं, कारण काळी दारू चुका पोटात घालते. एका घनसेंटीमीटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे 15 ग्रेनच्या आसपास, आणि त्यात एखाददुसरा ग्रेन कमीजास्त झाला तरी आभाळ कोसळत नाही. ठासणीच्या बंदुकीसाठी आजही पितळी मापच वापरतात. त्यावर ग्रेनचे आकडे कोरलेले असतात, पण ते आकडे वजनाचे नव्हेत, तेवढ्या वजनाची काळी दारू जेवढी जागा घेईल तेवढ्या जागेचे आहेत. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वजनाला हलकी, तरी ती त्याच खुणेपर्यंत भरायची असते. इथे कुणी तराजू काढून काळ्या दारूइतकंच वजन भरलं, तर बार उलट जड होतो. मापानेच मोजायला हवं अशी माझ्या माहितीतली हीच एक जागा.

बिनधुराच्या दारूने हे सगळं बदललं. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने नायट्रोसेल्युलोजपासून ती बनवली आणि थोड्याशा दारूत कितीतरी जास्त जोर आला. छर्‍याच्या काडतुसांत तर मोठाच घोळ झाला. सुरुवातीच्या काही बिनधुराच्या दारू मुद्दाम फुगीर बनवलेल्या होत्या. काळ्या दारूचं जुनं माप घ्यायचं आणि तेवढंच भरायचं. त्याच दुकानात दुसर्‍या डब्यात मिळायची ती घट्ट दारू, जी वजन करूनच भरावी लागे. जुन्या मापाने ती भरली की नळी फुटायची. त्या काळाची खूण अजून खोक्यांवर दिसते. छर्‍याच्या काडतुसांच्या खोक्यावर ‘3 ड्रॅम’ लिहिलेलं असतं, म्हणजे 3 ड्रॅम काळ्या दारूइतका जोर. ड्रॅम हे जुनं वजन, 3 ड्रॅम म्हणजे 82 ग्रेन. आत बिनधुराची दारू त्याच्या जवळपासही नसते. तो आकडा दारूचं वजन समजून कुणी भरायला बसला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. नवख्या माणसाला मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते, आणि तिच्याच जोडीला दुसरी: ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू कधीही, कणभरही नाही.

आता दाण्यांकडे या. पापडीच्या आकाराची दारू हलकी, तिच्या चकत्यांमध्ये हवा फार. गोल दाण्याची दारू दाटीने बसते. एक सीसीच्या एकाच चमच्यात पापडीची एखादी दारू 8-9 ग्रेन भरते, तर गोल दाण्याची 15 च्या घरात जाते. चमचा तोच. म्हणून ‘मी अमुक सीसीचा चमचा वापरतो’ या वाक्याला दारूचं नाव जोडल्याशिवाय काही अर्थ नाही. नाव एकच असलं तरी कारखान्यातली खेप बदलली की घनता थोडी सरकते. नवा डबा उघडला की जुना आकडा मी खोडते आणि पुन्हा वजन करते.

चमच्याने भरायचं तर सगळं हाताच्या सवयीवर असतं. दारू एका रुंद वाडग्यात चमच्याच्या उंचीच्या दुप्पट तरी हवी. चमचा दारूत खुपसून खरवडायचा नाही. त्याची मागची बाजू खाली दाबत न्यायची, म्हणजे दारू चहूबाजूंनी आपसूक काठावरून आत ओघळते. मग सरळ वर उचलायचा आणि वरची शीग कडक कार्डाने एकदाच, एकाच दिशेने कापायची. हलवायचं नाही, ठोकायचं नाही. पिठाचा डबा आपटला की पीठ खाली बसतं, तशीच दारूही बसते आणि त्याच चमच्यात जास्त मावते. मी सुरुवातीला दहा चमचे एकत्र वजन करून सरासरी काढते, मग एकेक वेगळा तोलून त्यांच्यातला फरक बघते. सरासरी बरोबर आणि फरक मोठा, तर हात अजून बसलेला नाही.

हँडल फिरवून दारू सोडणार्‍या यंत्रालाही हेच लागू. वरचं नळकांडं निम्म्याहून खाली आलं की दारूवरचा दाब बदलतो, म्हणून ते भरतं ठेवायचं. आत वरच्या दारूचा भार पेलणारा पडदा असेल तर फारच बरं. हँडल दर वेळी त्याच जोराने वर, त्याच जोराने खाली. लांब काड्यांची दारू असेल तर मध्येच काडी अडकून कचकन कापली जाते. तो धक्का हाताला जाणवतो आणि तो बार मी बाजूला काढून तोलते. अशा दारूसाठी यंत्र थोडं कमीवर लावावं आणि उरलेले दाणे तराजूच्या पारड्यात चिमटीने सोडावेत. छोट्या दाण्याच्या दारूला मात्र यंत्र इतकं मानवतं, की 100-200 यार्डांच्या बेंचरेस्ट (बंदूक मेजावर टेकवून अचूक नेम साधायच्या) स्पर्धांत नेमबाज पिढ्यान्‌पिढ्या माप टाकूनच भरत आलेत.

पिस्तुलाच्या काडतुसांत माझी काळजी वेगळी असते. तिथली वेगाने जळणारी दारू केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) निम्म्यापर्यंतही येत नाही, म्हणजे चुकून दोनदा पडली तरी सहज मावते. तराजू बरोबर, माप बरोबर, आणि तरी बार दुप्पट. उलट एखादी केस रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या (दारू पेटवणार्‍या बुडाच्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरा बार केला की नळी फुगते नाहीतर फाटते. म्हणून गोळ्या बसवण्याआधी सगळ्या केस फळीवर उभ्या करून वरून टॉर्च मारायचा आणि एकेका केसमधली पातळी शेजारणीशी ताडायची. मी हे दोन वेगळ्या कोनांतून करते, कारण एकाच बाजूने सावली फसवते.

तराजूचंही तेच. बसण्याआधी शून्य जुळवून ठरलेलं तपासवजन ठेवून बघते, पंखा बंद करते, फोन दूर ठेवते. भरता भरता ठराविक केसनंतर पुन्हा एक बार तोलते. टेबलावर दारूचा एकच डबा, आणि काम संपलं की यंत्रातली दारू लगेच त्याच डब्यात परत. यंत्रात राहिलेली, नाव न लिहिलेली दारू कुणाची होती याचा अंदाज मी करत बसत नाही, ती वापरातून बाद.