तुम्ही विचारलेत म्हणून: अनुदान संपल्यावर वर्गातली चर्चा का थांबली?

अध्यापन सुधारण्यासाठी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या अनुदानाचा विषय निघाला की कोणी ना कोणी सहकारी मला हमखास विचारतो, "निकाल सुधारत होता, मुले बोलू लागली होती, मग पैसे संपताच सगळे बंद का केलेत?" मला शिकवण्यापेक्षा अनुदानातच रस होता, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते. आजवर मी वेळ मारून नेली. आता नीट उत्तर देते.

प्रथम वर्षाच्या यांत्रिकीच्या वर्गात १४० विद्यार्थी होते. ट्रक आणि लहान मोटार समोरासमोर आदळली तर कोण कोणावर अधिक बल लावते, असा एखादा प्रश्न मी पडद्यावर दाखवीत असे. प्रत्येकाने आधी एकट्याने क्लिकरवर, म्हणजे बटण दाबून उत्तर देण्याच्या हातातल्या छोट्या यंत्रावर, उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा नोंदवायचे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी रुजवलेली ही पद्धत आहे. अनुदानातून मी क्लिकर घेतले आणि दोन साहाय्यक नेमले. ते बाकांमधून फिरत आणि मुलांचे चुकीचे युक्तिवाद जसेच्या तसे चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. "चुराडा मोटारीचा होतो, म्हणजे ट्रकचेच बल जास्त," ही अशीच एक चिठ्ठी. दोन्ही बले सारखीच असतात, पण मोटारीचे वस्तुमान कमी असल्यामुळे तिचा वेग अधिक झपाट्याने बदलतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते; मुले नेमकी कुठे अडतात, हे मला त्या चिठ्ठीने दाखवले. पुढच्या तासाचा प्रश्न अशा चिठ्ठ्यांतूनच तयार होई.

दोन वर्षांनी साहाय्यकांची मुदत संपली. क्लिकर आजही कपाटात आहेत आणि चालतातही. गेल्या त्या चिठ्ठ्या.

मात्र याचा सगळा दोष मी अनुदानाच्या नियमांवर ढकलू शकत नाही. अर्जात एक रकाना होता: अनुदान संपल्यानंतर उपक्रम कसा चालू राहील? "विभागाच्या नियमित व्यवस्थेत सामावून घेतला जाईल," असे मी लिहिले. विभागात त्याबद्दल कोणाशीही एका शब्दाने बोलणे झाले नव्हते. ते वाक्य लिहायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि विभागप्रमुखांनी न विचारता सही केली.

पुढच्या वर्षी, सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात, तास संपल्यावर एक विद्यार्थी दारापाशी थांबला. हातात वही होती आणि तिच्या शेवटच्या पानावर वरच्या वर्गातल्या कोणाकडून तरी उतरवून घेतलेले आमचे जुने प्रश्न होते, ट्रकचाही. "मॅडम, आमच्या वर्गात हे कधीपासून सुरू होणार?" त्याने विचारले. "पुढच्या आठवड्यापासून," मी म्हणाले. ते खरे नाही हे म्हणतानाच मला माहीत होते. त्यानंतर दोन आठवडे तो पहिल्या बाकावर बसत राहिला, शेवटचे पान उघडे ठेवून. मग मागे जाऊन बसू लागला. त्याने पुन्हा विचारले नाही आणि मीही त्याला बोलावून खरे सांगितले नाही.

साहाय्यक नसले तरी हात वर करायला सांगून चर्चा घेता आली असती, असे तुम्ही म्हणाल. अर्ज लिहिणारी तेव्हाची मीही हेच म्हणाले असते. २०१४ साली अध्यापनपद्धतींचे अभ्यासक स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांत निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते, तर विद्यार्थ्यांना कृतीत गुंतवणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. एवढा पुरावा असताना अडणार कुठे, असे तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटत होते. मी चार तास तसा प्रयत्न केलाही. चिठ्ठ्यांवाचून माझे प्रश्न शिळे झाले आणि गोंगाटातून मला काहीच उमगेना.

आणखी एक कारण आहे, जे मी कधी बोलले नाही. "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात," असे विद्यार्थी अभिप्रायात लिहीत. अशा वर्गांत मुले प्रत्यक्षात अधिक शिकतात, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते, हे हार्वर्डमधल्याच २०१९च्या एका अभ्यासात दिसले आहे. अनुदान असेतोवर प्रयोग म्हणून ते अभिप्राय माझ्या नावावर मोजले गेले नाहीत. नंतर मोजले जाणार होते आणि माझी बढती जवळ आली होती. मी घाबरले.

भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी अध्यापन सुधारण्यासाठी कोलोराडो आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत पैसा एकेकट्या शिक्षकाला न देता संपूर्ण विभागांना दिला आणि शिक्षकांच्या मदतीला विभागातच माणसे नेमली. तशी व्यवस्था असती तर मी टिकले असते, असे कधी वाटते. कधी वाटते, तिथेही मी कारण शोधले असते.

यंदाचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. साहाय्यकाचे एक पद विभाग पुढे चालवील, असे लेखी द्यावे, अशी विनंती मी विभागप्रमुखांना केली आहे. उत्तर आलेले नाही, आणि तो रकाना मी अजून भरलेला नाही.