उजनीची चित्रं करमाळ्यापर्यंत: कॅश सर्व्हरची दुसरी नोंद

उन्हाळ्यात पहिली नोंद लिहिली तेव्हा सगळा खेळ सोलापुरातल्या एका रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या संगणकावर चालला होता. आता पंढरपूर आणि करमाळा धरून तीन कॅश सर्व्हर चालू आहेत, म्हणजे एकदा आलेली फाईल जवळच साठवून पुढच्या वेळी तिथूनच देणारे. मधे जे अडलं ते सविस्तर लिहिते. दोन चुकांपायी माझ्या बऱ्याच रात्री गेल्या, दुसऱ्या कुणाच्या जाऊ नयेत.

नव्यांसाठी थोडक्यात. आम्ही चौघं सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रांवरून उजनीचं पाणी बघतो. धरण 'उणे'त गेलं, म्हणजे 63 टीएमसीच्या मृतसाठ्याला हात लागला, की काठ कुठून कुठं सरकला ते मोजायचं. पळसदेवच्या जुन्या देवळाजवळ पाणी किती उरलं, थंडीत रोहित पक्षी उतरतात त्या बाजूला उथळ पट्टा कुठं आहे, हेही त्यातूनच बघतो. चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. पाणी ओळखायला हिरवा आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) असे प्रकाशाचे दोन पट्टे लागतात. एका पट्ट्याच्या चित्रात 10,980 गुणिले 10,980 ठिपके असतात, फाईल दीड-दोनशे एमबीची. आम्ही वापरतो ती सार्वजनिक प्रत अमेरिकेत ओरेगॉनला ठेवलेली आहे. चौघांनी तेच दोन पट्टे उतरवले की त्याच फाईली आठ वेळा समुद्र ओलांडून येतात. माझ्याकडे फायबर आहे, पण करमाळ्याची मावसबहीण, पंढरपूरचा मामेभाऊ आणि बार्शीचे सर सिमकार्डाच्या राऊटरवर आहेत. त्यांचा दिवसाचा डेटा दोन चित्रांत संपायचा.

सुरुवात स्क्विड या प्रॉक्सीने केली होती, म्हणजे वाटेत बसून फाईली साठवणाऱ्या सॉफ्टवेअरने. दोन ठिकाणी अडलं. मूळ फाईली एचटीटीपीएसवरून येतात, त्यामुळे मधल्या प्रॉक्सीला फक्त बंद नळी दिसते, आतलं काही साठवता येत नाही. दुसरं, स्क्विड मुळात 4 एमबीहून मोठी वस्तू डिस्कवर ठेवतच नाही. ती मर्यादा वाढवता येते, पण पहिल्या अडचणीला तो उपाय नाही. म्हणून एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे मूळ सर्व्हरच्या वतीने उत्तर द्यायला लावलं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओरेगॉनचा पत्ता न देता माझ्या सर्व्हरचा द्यायचा, ओरेगॉनशी एचटीटीपीएसने बोलण्याचं काम सर्व्हर करतो. तिन्ही घरं वायरगार्डच्या बोगद्याने (इंटरनेटवरूनच जाणाऱ्या खाजगी जोडणीने) जोडली आहेत.

आता पहिली रात्रखाऊ चूक. या चित्रांची रचना अशी असते की अख्खी फाईल उतरवावी लागत नाही. सुरुवातीला आतली अनुक्रमणिका वाचायची आणि नकाशावर जेवढा भाग दिसतोय तेवढेच बाइट मागायचे. मावसबहिणीने केमजवळचा एक कोपरा उघडला आणि क्यूजीआयएस नुसतं फिरत बसलं. फोनवर म्हणाली, "ताई, थेट अमेरिकेतून लवकर येत होतं गं." खरंच होतं तिचं. कॅश चालू असताना एनजिनएक्स 'मला एवढेच बाइट दे' हा निरोप पुढं पाठवत नाही, अख्खी फाईल मागवतं. कोपरा फाईलच्या शेवटाकडे असेल तर दीडशे एमबी येईस्तोवर थांबा. यावर एनजिनएक्सचं स्लाइस मॉड्यूल आहे, ते फाईल तुकड्यातुकड्यांनी मागवतं. 1 एमबीचे तुकडे ठरवून दिले, कॅशच्या किल्लीत (साठवलेली गोष्ट ज्या नावाने शोधतात त्यात) तुकड्याची हद्द घातली आणि 206, म्हणजे 'फाईलचा एवढाच भाग', हे उत्तरही साठवायला सांगितलं. ती तिसरी गोष्ट विसरलात तर तुकडे येतात पण साठत नाहीत. त्या दिवसापासून तो कोपरा पटकन उघडतो. लॉक पण चालू ठेवा. दोघांनी एकाच वेळी तोच तुकडा मागितला तर वर एकच मागणी जाते.

दुसरी चूक तर फारच साधी होती. रात्री दोनला नवीन चित्रं आपोआप भरून ठेवायची स्क्रिप्ट लिहिली. ती नीट चालायची, डिस्कवर जागा भरलेली दिसायची. सकाळी मामेभावाने चित्र उघडलं की सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ओळीने मिस, मिस, मिस, म्हणजे कॅशमध्ये सापडलं नाही. डिस्क 1 टीबीची, कमाल मर्यादा 800 जीबी दिलेली, तरी फोल्डर रिकामा. मी डिस्क बदलली, केबल बदलली, शेवटी घड्याळ लावून फोल्डरचा आकार बघत बसले, तर दहा मिनिटं झाली आणि आकडा उतरायला लागला. एनजिनएक्समध्ये 'इनॲक्टिव्ह' नावाची एक मुदत असते. तेवढ्या वेळात कुणी फाईल मागितली नाही तर ती काढून टाकली जाते, जागा कितीही शिल्लक असो. काही लिहिलं नाही तर ती मुदत 10 मिनिटं धरली जाते. मी 400 दिवस केली. गावाकडच्या कॅशमध्ये फाईल आठवडाभर कुणी मागणार नाही हे तर उघड आहे, त्यामुळे हा आकडा सगळ्यात आधी बदला.

आता ज्याच्याविषयी मला मनापासून सांगायचंय ते. चित्रांवरून पाण्याचा नकाशा मी काढते आणि तो तिन्हीकडे जातो. मी त्याला 'उजनी-ताजा' असं एकच नाव दिलं होतं आणि दर वेळी त्यावरच नवीन फाईल ठेवायचे. एकदा पंढरपूरला नकाशा अर्धाच उघडला आणि एरर लॉगमध्ये तुकड्याचा ईटॅग (फाईलची आवृत्ती ओळखायची खूण) जुळत नसल्याची तक्रार आली. काही तुकडे जुन्या फाईलचे साठलेले, बाकीचे नव्या फाईलचे. एनजिनएक्सने ते जोडायला नकार दिला, हे आमचं नशीब. जोडले असते तर जूनचा काठ आणि ऑक्टोबरचा काठ एकाच नकाशात आला असता आणि आम्ही तो खरा मानून मोजत बसलो असतो.

कॅशची मुदत (साठवलेली फाईल ताजी मानायचा काळ) कमी करणे हा उपाय मला पटला नाही. त्याने सिमवरचा डेटाच जळतो. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा आपली सॉफ्टवेअरं जगभरच्या संगणकांना पुरवतं त्या सर्नव्हीएम फाईल सिस्टीमची रीत वाचली. तिथं फाईल तिच्या मजकुराच्या हॅशच्या (मजकुरावरून गणिताने काढलेल्या ठशाच्या) नावाने ठेवतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, म्हणून वाटेतल्या स्क्विडला ती फाईल शिळी झाली का हे विचारावंच लागत नाही. बदलती असते ती एक छोटीशी फाईल, सध्याची यादी कुठली ते सांगणारी. तेच उचललं. आता माझ्या नकाशाच्या नावात तारीख आणि हॅशची पहिली आठ अक्षरं असतात, एकदा ठेवलेल्या फाईलला मी हात लावत नाही, तिची मुदत वर्षाची. सध्याचा नकाशा कुठला ते सांगणाऱ्या माझ्या यादीची मुदत 5 मिनिटं. सेंटिनेलच्या फाईलींच्या पत्त्यात उपग्रह, चौकट आणि तारीख आधीच असते, तिकडे काही करावं लागलं नाही.

हार्डवेअरचं फार काही नाही. मे महिन्यात माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेला रास्पबेरी पाय 80 अंशाला पोचून स्वतःचा वेग उतरवायचा. खाली हॉलमध्ये, पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यात आणला, छोटा पंखा लावला, प्रश्न मिटला. सासूबाईंनी त्यावर रुमाल टाकायचा नाही एवढं कबूल केलंय. वीज जाते त्यासाठी राऊटर आणि रास्पबेरी पाय दोन्हीला बॅटरी.

पंढरपूरच्या सर्व्हरची परीक्षा कार्तिकीला झाली. पाऊस संपून आकाश निवळलेलं, चित्रं स्वच्छ, आणि नेमकं तेव्हाच वारीच्या गर्दीने गावातलं मोबाइल नेट बसतं. दोन दिवस आधी सप्टेंबरपासूनची सगळी चित्रं तिथं भरून ठेवली. वरचा सर्व्हर गाठता आला नाही तर जुनीच यादी दे, अशीही सोय केली. एकादशीला दुपारी मामेभावाचा एसएमएस आला, "नेट शून्य. उजनी उघडली." संध्याकाळी बोगदा परत जोडला गेल्यावर मी त्याचा लॉग ओढून घेतला. यादीसमोर 'स्टेल' (शिळी) होतं, आणि खाली शेवटपर्यंत हिट (कॅशमध्ये सापडलं).

बार्शीच्या सरांकडे जुना लॅपटॉप आहे, त्याचीच चौथी कॅश करायची. पुढच्या रविवारी डिस्क इथूनच भरून एसटीने घेऊन जाणार आहे.