टोक वाळलेलं रोप उपटू नका

सेंद्रिय गव्हावर तांबेरा आला की बुरशीनाशक हाताशी नसतं. जे करायचं ते बियाण्यातच करून ठेवावं लागतं.

बियाण्यासाठी रोपांची निवड करताना पहिली चूक होते ती एक डागही नसलेलं रोप उचलण्याची. इतका कडक प्रतिकार बहुधा एकाच जनुकावर उभा असतो आणि तांबेऱ्याचा नवा प्रकार आला की कोसळतो. जगभर ज्याच्यावर विसंबले त्या एसआर ३१ या तांबेरा-प्रतिकारक जनुकाचं तेच झालं. १९९८ साली युगांडात त्याला दाद न देणारा यूजी ९९ हा तांबेऱ्याचा प्रकार सापडला.

आपल्याला हवा हळू चढणारा तांबेरा. त्यात पुळ्या येतात, पण लहान, थोड्या आणि सावकाश. असा प्रतिकार देणारं एसआर २ हे जनुक अमेरिकेत गहू-पैदासकार मॅकफॅडन यांनी यारोस्लाव नावाच्या एमर गव्हातून, म्हणजे आपल्या खपलीच्या भाऊबंदातून, साध्या गव्हात आणलं. ते आजही उपयोगी आहे. त्याची खूण म्हणजे काळपट पडलेली तुसं. असंच दुसरं जनुक एलआर ३४ असेल तर पानाचं टोक वाळतं. नेमकी हीच रोपं रोगट समजून उपटली जातात!

टोक पाण्याच्या ताणानेही वाळतं, म्हणून खूण एकटी पुरत नाही. प्लॉटच्या कडेने तांबेऱ्याला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावा. रोगच आला नाही तर निवड कशाची करणार? ओंबीखालच्या शेवटच्या पानाचा किती टक्के भाग पुळ्यांनी व्यापलाय ते लिहा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लिहा. दोन आकड्यांतलं अंतर ज्याचं कमी, ते रोप ठेवा.

संकर करताना मादी ओंबीतले परागकोष हिरवे असतानाच काढा, प्रत्येक फुलात तीन. पिवळे झाले की उशीर झाला. पिशवी बांधा, दोन-तीन दिवसांनी परागण करा. खपलीचा सरबत्तीशी थेट संकर सुरुवातीला टाळा: खपलीची २८ आणि सरबत्तीची ४२ गुणसूत्रं, त्यातून ३५ ची रोपं येतात आणि त्यांत दाणा फारच कमी भरतो.

आणि काळी तुसं म्हणजे काजळी नव्हे. बोट फिरवून बघा. काजळीची भुकटी बोटाला लागते, ओंबीत दाणा नसतो. ते रोप मात्र काढायचंच, पण आधी ओंबीवर पिशवी चढवून, नाहीतर भुकटी शेजारच्या फुलांत उडते आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात जाऊन बसते.