रुग्णांच्या बाजूने: दंतसंशोधनाच्या सल्लागार गटातील माझा अनुभव

इंदूरमधील एका दंत महाविद्यालयातील संशोधकांनी ओरल सबम्यूकस फायब्रोसिस या आजारावरील उपचारांची तुलना करायचे ठरवले, तेव्हा आराखडा पक्का करण्याआधीच त्यांनी रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा एक सल्लागार गट बोलावला. माझ्या यजमानांना हा आजार आहे आणि त्यांच्या खाण्यापिण्याचे सगळे मीच पाहते, म्हणून आम्हा दोघांनाही त्यात घेतले गेले. सुपारी आणि गुटख्यामुळे गालाचे आतले अस्तर हळूहळू ताठ होत जाते, तोंड पुरेसे उघडत नाही, तिखटाचा घास सोसत नाही आणि काही रुग्णांमध्ये पुढे कर्करोगही होतो. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारीवर नाही, आणि आमच्या गटात अगदी तरुण मुलेही होती.

आमच्यावर कोणताही प्रयोग होणार नाही, अभ्यास कसा असावा एवढेच आम्ही सांगायचे आहे, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट करण्यात आले. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स ही संस्था २००४ पासून रुग्ण आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवते, हेही मला तिथेच समजले.

खरी चर्चा झाली ती उपचाराचे यश कशावर मोजायचे यावर. मूळ आराखड्यात वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजून तोंड किती उघडते, एवढीच मुख्य कसोटी होती आणि जळजळीची नोंद दुय्यम ठेवलेली होती. मालवा मिल भागात रिक्षा चालवणारे एक काका म्हणाले, "साहेब, तोंड चार मिलिमीटर जास्त उघडलं हे तुमच्या कागदावर दिसेल, पण घरात सगळ्यांच्या ताटात शेव आणि माझ्या ताटात दूधभात, हे बदलणार का?" मीही सांगितले की आमच्याकडे पोह्यांवर जीरावन हा तिखट मसाला घालणे कधीच बंद झाले आहे, आणि ह्यांना एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसणेसुद्धा नको वाटते. संशोधकांनी ते लिहून घेतले. मुख्य कसोट्या दोन केल्या तर रुग्णसंख्येचा हिशेब नव्याने करावा लागेल आणि बहुधा अधिक रुग्ण लागतील, हे त्यांच्या सांख्यिकीतज्ज्ञांनी आम्हाला धीराने समजावले. अखेर जळजळ, शून्य ते दहा या मोजपट्टीवर, मुख्य कसोटीत आली. मला स्वतःला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

दर आठवड्याच्या इंजेक्शनासाठी सकाळी यायचे म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, आणि असे रुग्ण मध्येच अभ्यास सोडतात, हे आम्ही सांगितल्यावर संध्याकाळची वेळ आणि प्रवासखर्च यांची तरतूद झाली. दातांच्या मध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, या व्यायामाची माहिती छापील मजकुराऐवजी चित्रांत द्यावी, ही सूचनाही मान्य झाली. संमतीपत्रावर मात्र बराच वेळ गेला. अभ्यासामुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळते, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील हक्क पत्राच्या शेवटी, वाचून दम लागेल अशा वाक्यात अडकला होता. तो सुरुवातीला, सोप्या हिंदीत आणि मराठीत लिहावा असा आमचा आग्रह होता.

नंतर सुधारित आराखडा नीतिमत्ता समितीकडे गेला. वैद्यकीय क्षेत्राबाहेरची एक सामान्य व्यक्ती या समितीतही असावी लागते, परंतु तिच्यापुढे येतो तो बहुतेक ठरून गेलेला अभ्यास. शिवाय भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा अभ्यासांच्या जाहीर नोंदवहीत, पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते आणि मुख्य कसोट्या तिथेच जाहीर होतात. आम्हाला त्यानंतर बोलावले असते, तर काकांचे म्हणणे ऐकून घेण्यापलीकडे कुणाला फारसे काही करता आले नसते. म्हणून ज्यांना कुणी असे निमंत्रण देईल त्यांनी आधी एवढेच विचारावे, की नोंदणी झाली आहे का.

आता रुग्णांची भरती चालू आहे. निष्कर्ष हाती आल्यावर ते, उपचार निरुपयोगी ठरला तरीही, भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत कळवावेत अशी लेखी विनंती गटाने केली असून संशोधकांनी ती आराखड्यात जोडली आहे.